गट सोडून गेलेल्या ताईला आधी हिशेब, मग प्रश्न

(महासंघाच्या मासिक सभेत शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ग्रामसंघ पदाधिकारी व गट सदस्यांसमोर क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताया सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी देत आहोत. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



कुणी पाबळहून आलंय, कुणी न्हावऱ्याहून, कुणी यवत, पाटस, कुरकुंभकडून. घरचं आवरून, दोन गाड्या बदलून आलात. म्हणून जास्त वेळ घेत नाही, पण आजचा विषय थोडा अवघड आहे. शेवटपर्यंत ऐका, मग पटलं नाही तर बोला.

आपल्या दर महिन्याच्या अहवालात काय काय असतं ते तुम्हाला पाठ आहे. नवीन गट किती, बचत किती, बँकेचं कर्ज किती गटांना मिळालं, परतफेड किती झाली. या सगळ्याला रकाने आहेत. एका गोष्टीला मात्र रकाना नाही. गटातून किती जणी गेल्या आणि का गेल्या?

आता एक काम करा. डोळ्यासमोर तुमच्या गटाची पहिली वही आणा. पहिल्या पानावर दहा-बारा नावं लिहिलेली असतील. ती नावं आणि आज बैठकीला बसणाऱ्या बायका, जरा ताडून बघा. दोन तरी नावं अशी निघतील की ती बाई गावातच आहे, रोज पाण्याला, दळणाला, डेअरीवर दिसते, पण गटात नाही. तिला आपण वाटेत भेटतो, "बरंय का" म्हणतो आणि पुढे जातो. गटाचा विषय ती काढत नाही, आपणही काढत नाही.

त्या बाईला जाऊन विचारायचं, असं आपण ठरवतोय. कसं विचारायचं आणि विचारण्याआधी काय करायचं, एवढंच मी आज बोलणार आहे.

विचारायचं कशाला?

काही ताया मला म्हणाल्या, "मॅडम, गेल्या त्या गेल्या. ज्या आहेत त्यांचंच बघा की." त्यांचं म्हणणं चूक नाही, कामं भरपूर आहेत. पण थोडा विचार करा. गटात काय चांगलं आहे ते इथे बसलेल्या तुम्ही छान सांगू शकता. तुम्हाला गट जमला म्हणून तर तुम्ही इथे आहात. ज्यांना जमला नाही त्यांना काय अडलं, ते तुम्हाला किंवा मला कसं सांगता येईल? घोंगडं कुठे टोचतं ते पांघरणाऱ्यालाच कळतं.

आपली ही चळवळ काही कालची नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली तेव्हा देशभरात ५०० गटांचा प्रयोग होता. २०११ पासून उमेद अभियान आलं. एवढ्या वर्षांत गट वाढतच गेले आणि वाढीचे आकडे आपण अभिमानानं सांगतो. पण वाढ मोजण्याची सवय लागली की गळती दिसेनाशी होते. एका बाजूनं दोन बायका आल्या, दुसऱ्या बाजूनं दोन गेल्या, तर वहीत संख्या तेवढीच दिसते.

दुसरीकडेही लोकांनी हे विचारलंय. २००६ साली आपल्या देशात बचत गटांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा आणि राजस्थान या चार राज्यांतल्या २१४ गटांत जाऊन तो केला होता. गटांचं चांगलं काय आणि उणं काय, दोन्ही त्यात मांडलं आणि सोडून गेलेल्या सदस्यांचाही विचार केला. हिशेबाच्या वह्या कच्च्या असणं हा त्यातला एक ठळक मुद्दा होता. आफ्रिकेत युगांडा देशातही १९९० च्या दशकाच्या शेवटी छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांनी सोडून गेलेल्या लोकांना कारणं विचारली. तिथे दर आठवड्याची बैठक, ठरलेला हप्ता आणि घरातली आजारपणं, हंगाम यांचा मेळ बसत नव्हता. देश केवढा लांब, पण अडचण आपल्या ओळखीची.

वहीत लिहिलेलं कारण आणि खरं कारण

आपल्या इतिवृत्ताच्या वहीत बाई गेली की एक ओळ लिहितात: "वैयक्तिक कारणामुळे गट सोडला." किंवा "घरगुती अडचण." बरेचदा राजीनाम्याच्या अर्जावरही हेच असतं आणि अर्ज दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला असतो. बाईनं फक्त सही केलेली असते.

ही ओळ खोटी असते असं नाही. पण ती दार लोटून घेतल्यासारखी आहे. आत काय आहे ते दिसत नाही.

गेल्या काही आठवड्यांत दोन्ही तालुक्यांतल्या काही वाड्या-वस्त्यांवर मी अशा बायकांकडे जाऊन बसले. तो काही सर्वे नव्हता, नुसत्या गप्पा. त्यामुळे मी आकडे सांगणार नाही, टक्केवारी तर नाहीच. आणि कुणाचं नाव किंवा गाव ओळखू येईल असंही काही सांगणार नाही. जे कानावर आलं ते फक्त मांडते.

पहिली गोष्ट वेळेची. रांजणगावच्या एमआयडीसीत आपल्या किती बायका जातात बघा. कंपनीची बस पहाटे येते, संध्याकाळी सोडते, पुढच्या आठवड्यात पाळी बदलते. कुरकुंभकडेही तेच. ज्या कंपनीत जात नाहीत त्या कांद्याच्या लागणीला, काढणीला टोळीबरोबर पिकअपमधून जातात. उक्तं काम असतं, एक बाई कमी पडली तर सगळ्या टोळीची मजुरी घटते. आणि आपली बैठक दुपारी २ वाजता! गट केला तेव्हा सगळ्या घरी असायच्या, म्हणून ती वेळ ठरली. बायकांचं काम बदललं, बैठकीची वेळ तीच राहिली. एक ताई म्हणाली, "मी गट सोडला न्हाई. दुपारची येळ माझ्या हातातनं गेली." माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट लाजेची. हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा महिन्याची बचत १०० रुपये, कर्जाचा हप्ता १,००० आणि चुकवल्याचा दंड १० रुपये आहे. घरात कुणी दवाखान्यात पडलं आणि बाई तीन महिने आली नाही. चौथ्या महिन्याला तिच्या नावावर ३,३३० रुपये उभे राहतात. व्याज वेगळंच. तिच्या हातात ५०० रुपये आहेत. ती काय करेल? ५०० घेऊन दहा बायकांपुढे येऊन बसायचं, सगळ्यांनी वहीकडे बघायचं, मग तिच्याकडे बघायचं... ती येतच नाही. पुढच्या महिन्यात रक्कम आणखी वाढते आणि उंबरा आणखी उंच होतो. आपण म्हणतो, "तिनं पैसे बुडवले, तोंड लपवते." ती म्हणते, "कुणी एकदा घरी आलं असतं आणि म्हणालं असतं की जेवढे आहेत तेवढे दे, तर मी आले असते."

तिसरी गोष्ट दुसरीच्या कर्जाची. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीनं हप्ते थकवले की सगळ्यांना ऐकून घ्यावं लागतं आणि पुढचं कर्ज अडकतं. ज्या बाईनं स्वतः एक रुपया थकवला नाही, तिला घरात ऐकावं लागतं, "कशाला लोकांच्या उसाभरी करतेस?" मग ती शांतपणे बाजूला होते. म्हणजे कधी कधी सगळ्यात चोख बाई आधी जाते. हे गटाचं मोठं नुकसान आहे आणि वहीत तेही "घरगुती अडचण" म्हणूनच लिहिलं जातं.

चौथी गोष्ट कर्ज कुणाला मिळतं त्याची. "बचत माझी आणि कर्ज त्याच तिघींना," हे वाक्य मी वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलं. कदाचित त्या तिघींची परतफेड चांगली असेल, कदाचित बाकीच्यांनी मागितलंच नसेल. पण कर्जाची मागणी वहीत लिहितात का? कुणाला आधी, कुणाला नंतर, हे सगळ्यांसमोर ठरतं का? ठरत नसेल तर बाईच्या मनात जे येतं त्याला आपण तिला दोष देऊ शकत नाही.

पाचवी गोष्ट बोलायला जड आहे, तरी बोलते. बैठक कुणाच्या घरी होते? गावठाणात, ठरलेल्या ओसरीवर. वस्तीवरची बाई तिथे येते तेव्हा कुठे बसते? आत सतरंजीवर की दारात? चहा सगळ्यांना सारख्या कपात येतो का? एकट्या बाईला, नवरा गेलेल्या बाईला हळदी-कुंकवाच्या दिवशी ठेवलेल्या बैठकीत कसं वाटतं? अशा बायका कारण सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, "लांब पडतं." घर तर दोनशे पावलांवर असतं.

आणि काही जणी अगदी सरळ कारणानं गेलेल्या असतात. लेकीच्या गावी राहायला गेली, वय झालं, सूनबाई आता गटात आहे, किंवा ज्या गरजेसाठी आली ती गरज भागली. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये खात्यावर येतात, "आता अडीअडचणीला तेवढं पुरतं," असंही कुणी म्हणालं. ही कारणं मान्य करायची. गट सोडणं हा काही गुन्हा नाही. गटात येणं जसं तिच्या मर्जीचं, तसंच जाणंही.

आधी हिशेब

आता मुख्य मुद्द्यावर येते. मी ज्यांच्याकडे बसले त्यातल्या काहींनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, "माझ्या बचतीचं काय झालं?"

ताईंनो, या प्रश्नाचं उत्तर हातात नसेल तर तिच्या दारात जाऊ नका. ज्या बाईचे स्वतःचे पैसे गटात अडकलेत, तिला "तुम्ही का सोडलं? गटात काय सुधारणा हवी?" असं विचारणं बरं दिसत नाही. ती उत्तर देईल, पण खरं देणार नाही. ती विचार करेल की खरं बोलले तर पैसे अजून लांबतील.

म्हणून क्रम ठरवू: आधी हिशेब, मग प्रश्न.

हिशेब कसा करायचा? उदाहरण घेऊ. गटात १० जणी, महिन्याला १०० रुपये बचत. एक ताई ५ वर्षांनी गेली. ६० महिने, म्हणजे तिची स्वतःची बचत ६,००० रुपये. या ५ वर्षांत गटाला अंतर्गत कर्जाचं व्याज आणि दंड मिळून समजा १८,००० रुपये आले. वह्या, प्रवास, बँकेचे चार्ज यात ३,००० गेले. उरले १५,०००. दहा जणींत वाटले तर एकीचा वाटा १,५००. म्हणजे तिचे एकूण ७,५०० रुपये झाले. तिच्याकडे अंतर्गत कर्जाचे २,००० येणं असेल तर ते वजा करायचे. हातात ५,५०० द्यायचे. पासबुकावर शेवटची नोंद करायची, ठराव लिहायचा, तिची सही घ्यायची आणि एक प्रत तिला द्यायची.

यात दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. व्याजाचा वाटा द्यायचा की फक्त बचत परत करायची, हे तुमच्या गटाच्या नियमावलीत असतं. नियम काहीही असो, तो तिला आत येताना सांगितलेला हवा, बाहेर जाताना काढून दाखवलेला नको. उमेदचा फिरता निधी गटाला मिळालेला असतो, त्याची वाटणी होत नाही. समुदाय गुंतवणूक निधी तर परत करायचा असतो. जाणाऱ्या बाईचा त्यावर वाटा निघत नाही. हे नीट समजावून सांगा, नाहीतर "माझा निधी खाल्ला" अशी समजूत कायम राहते. आणि बँकेच्या कर्जातली तिच्या वाट्याची रक्कम बाकी असेल तर ती आधी मिटवावी लागते.

वही सापडत नाही, जुन्या सचिवताईकडे राहिली, पानं फाटली, असं असेल तर तेही तिला स्पष्ट सांगा. बँकेचं खातेपुस्तक भरून आणा, तिचं पासबुक समोर ठेवा, दोन्ही जुळवून जेवढं निघतं तेवढं मान्य करा. सगळी रक्कम एकदम देता येत नसेल तर हप्ते ठरवा आणि लिहून द्या. आपण सदस्यांकडून हप्त्यानं घेतो, तसं हप्त्यानं देताही येतं.

मला माहीत आहे, इथे काही जणींना मनात धास्ती वाटत असेल. "जुनं उकरलं तर भांडणं होतील. सगळ्याच पैसे मागायला येतील." होऊ शकतं. पण जे पैसे तिचे आहेत ते ती आज ना उद्या मागणारच. आज बैठकीत मागेल की उद्या चारचौघांत चावडीवर बोलेल, एवढाच फरक. आणि नव्या बायका गटात का येत नाहीत, याचं उत्तर बरेचदा त्या जुन्या बाईच्या ओट्यावरच असतं. नवीन सून तिलाच तर विचारते, "काकू, गटात जाऊ का?"

विचारायला कुणी जायचं, कसं जायचं?

त्याच गटाच्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांनी जायचं नाही. तुम्ही कितीही प्रेमानं विचारलंत तरी तुमच्या तोंडावर ती तुमच्याबद्दल बोलणार नाही. दुसऱ्या गावच्या ग्रामसंघातल्या दोघी जातील. दोघींपैकी एक साधी सदस्य हवी. पद असलेल्या दोघी गेल्या तर वसुलीला आल्यासारखं वाटतं. हातात मोठं रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र, मोबाइलवर फोटो, यातलं काही नको.

वेळ तिची. कंपनीत जाणारी असेल तर सुट्टीच्या दिवशी, शेतात जाणारी असेल तर संध्याकाळी. घरात सासूबाई, नवरा असतील तर आधी सगळ्यांशी बोला, मग गोठ्यात नाहीतर ओट्यावर तिच्याबरोबर बसा. काही गोष्टी ती घरच्यांसमोर बोलणार नाही, तसा आग्रह धरू नका.

कॉलेजात आम्हाला प्रश्नावली करायला शिकवतात, एकाखाली एक वीस प्रश्न. भाकरी थापणाऱ्या बाईपुढे वीस प्रश्न चालत नाहीत. सात पुरेत. मी ते तुमच्याशी बोलूनच काढलेत:

१. गटात पहिल्यांदा आलात तेव्हा काय मनात धरून आला होतात?

२. गटाचा तुम्हाला कधी उपयोग झाला का? कशाला?

३. तुम्ही बसलात ती शेवटची बैठक आठवते का? त्या दिवसांत घरी काय चाललं होतं?

४. येणं बंद झाल्यावर गटातलं कुणी घरी आलं का? काय म्हणालं?

५. बचतीचा हिशेब मिळाला का? तो समजला का?

६. आता पैशाची अडचण आली तर कुठे जाता?

७. गटातली एकच गोष्ट बदलायची म्हटलं तर कोणती बदलाल?

"का सोडलं?" असा प्रश्न यात नाही, बघा. "का" म्हटलं की बाईला जाब विचारल्यासारखं वाटतं आणि ती वहीतलंच उत्तर देते, "घरची अडचण." पण शेवटच्या बैठकीबद्दल विचारलं की ती गोष्ट सांगायला लागते. कारण त्या गोष्टीत असतं. आपण मध्ये बोलायचं नाही. "असं कसं, आम्ही तर तुम्हाला निरोप धाडला होता," असं म्हणून भांडायचं तर मुळीच नाही. ती चूक सांगत असेल तरी ऐकून घ्या. तिला काय वाटलं ते समजून घ्यायला आपण गेलोय.

"परत येता का?" हा प्रश्नही यात नाही. तिनं स्वतः विचारलं तरच बोला. आपण बायका गोळा करायला निघालो असं तिला वाटलं तर पुढचं सगळं वाया गेलं.

कागदावर तिचं नाव लिहायचं नाही. गाव आणि गटाचं नावही नाही. फक्त तालुका, ती किती वर्षं गटात होती आणि तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत. आपली गावं लहान आहेत, "रस्त्याच्या कडेची, शिलाई मशीनवाली" एवढं म्हटलं तरी कोण ते कळतं. म्हणून तसंही लिहू नका. तिथे ऐकलेलं वाटेत कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी या कामात येऊ नये, दुसरी कामं आहेत.

सहावा प्रश्न सोडू नका

अडचणीला कुठे जाता, हा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. गट सुटला म्हणून गरज सुटत नाही. मुलांची फी, बी-बियाणं, बाळंतपण तेवढंच राहतं. मग सोनं गहाण जातं, किंवा आठवड्याच्या हप्त्याची कर्जं निघतात, एक फेडायला दुसरं.

अशी बाई भेटली तर तिला दोन गोष्टी सांगून या. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२२ पासून छोट्या कर्जांचे नियम लागू केलेत. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज यात येतं. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज द्यायचं नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचे नाहीत, धमकी किंवा शिवीगाळ चालत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. गटात असताना ज्यांनी ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा काढला, त्यांचा हप्ता त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यातून जातो. गट सुटला तरी विमा सुटत नाही, पण मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी रक्कम लागते. गटात असताना आपण बैठकीत आठवण करून द्यायचो. आता तिला आठवण करून देणारं कुणी नाही. खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते वेळ आल्यावरच कळतं. परत गटात येवो न येवो, हे सांगायला तरी तिच्या घरी जा.

ऐकल्यावर काय करायचं?

ऐकून काहीच करायचं नसेल तर विचारू नये. एकदा विचारून गप्प बसलो तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी आपण इथेच ठरवून घेऊ, असं मी सुचवते.

एक, प्रत्येक गटानं बैठकीचा वार आणि वेळ वर्षातून एकदा तरी पुन्हा मांडायची. कंपनीत जाणाऱ्या असतील तर रात्रीची, लागण-काढणीच्या दिवसांत वेगळी. एखादीला येणं शक्यच नसेल तर तिची बचत दुसरीच्या हाती आली तरी चालेल का, हे गटानं ठरवावं.

दोन, सलग दोन बैठका चुकल्या की कुणीतरी तिच्या घरी जायचं. दंडाची आठवण द्यायला नाही, विचारपूस करायला. आणि आजारपण, मृत्यू, पिकाचं नुकसान अशा वेळी दंड माफ करून हप्ते पुन्हा बांधून द्यायचा नियम लिहून ठेवायचा. तोंडी नको. तोंडी नियम ओळखीच्यांनाच लागू होतो.

तीन, जाणाऱ्या बाईचा हिशेब ती जाते त्याच्या पुढच्याच बैठकीत. तिला निरोपाला बोलवा, साडी-चोळी नको, पण चहा तरी पाजा. जी मानानं जाते ती कधी तरी परत येऊ शकते.

परत येणारीसाठीही वाट मोकळी ठेवा. जुन्या सगळ्या महिन्यांची बचत एकदम भर, असं म्हटलं तर ती दारातूनच परतेल. आजपासून नवी सदस्य म्हणून घेता येतं, किंवा मागची बचत हळूहळू भरून घेता येते. त्याच गटात बसायला तिला अवघड वाटत असेल तर गावातला दुसरा गट आहे. एका गटात २० पर्यंत सदस्य बसतात, जागा निघते.

आणि शेवटचं. विचारून आल्यावर सगळ्या कागदांवरचं एकत्र करून आपण याच सभेत वाचणार आहोत. त्यात गोड कमी आणि कडू जास्त असेल. आपल्या पदाधिकाऱ्यांबद्दल असेल, कदाचित आमच्या कामाबद्दलही असेल. त्या दिवशी "हे कोण म्हणालं?" असा शोध कुणी घ्यायचा नाही. फक्त "हे आपल्या गटात होतं का?" एवढंच स्वतःला विचारायचं. आणि आपण काय बदललं ते त्या बायकांच्या घरी जाऊन सांगायचं. त्यांनी आपल्याला वेळ दिलाय, तर उत्तर मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

आता काम वाटून घेऊ. प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या सभेला येताना दोन गोष्टी आणाव्यात. प्रत्येक गटातून गेलेल्या बायकांची यादी, ही फक्त ग्रामसंघाजवळ राहील. आणि त्या यादीतल्या प्रत्येकीच्या हिशेबाचा कागद: दिला, नाही दिला, किती बाकी. ज्यांचा हिशेब पूर्ण असेल त्या गावांत आपण आधी जाऊ. ज्यांचा बाकी असेल तिथे आधी वही घेऊन बसू. वही जुळत नसेल तर मला बोलवा, मी येते, रात्र झाली तरी बसू.

ज्या ताया विचारायला जायला तयार आहेत त्यांनी चहानंतर नावं द्या. दोन्ही तालुक्यांतल्या मिळून जोड्या करू. दौंडच्या शिरूरला जातील, शिरूरच्या दौंडला. तेवढ्यानं भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांची ओळखही होईल.

 जय सावित्री.